आपोआप वाजणारे नाना

लाईट गेली आणि खिडकीबाहेरच्या रांगेतून एकच सूर निघाला, "गेली बया!"

तशी ती लगेच आलीसुद्धा. पण कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. त्याच्या खालची बॅटरी कधीची मेलेली. मी बटण दाबलं, पदर खोचला आणि कपाळाला हात लावून बसले. आता पुढे काय होणार हे मला तोंडपाठ होतं, आणि कॅन घेऊन उभ्या असलेल्या अख्ख्या वडजाई गावालाही.

आधी गणपतीची आरती, सगळी कडवी. मग भैरोबाचा गजर, ढोल आणि शंखासकट. मग भिंतीवरच्या कर्ण्यातून कुणीतरी घसा खाकरायचं आणि कैलासवासी नाना शेवाळ्यांचं भाषण सुरू व्हायचं, "माझ्या सभासद बंधूंनो आणि भगिनींनो..." ते संपतंय तोवर तरुण मंडळाचा वाढदिवसाचा फलक, फटाक्यांसकट. ज्याचा वाढदिवस तो पोरगा लग्न करून कधीचा पुण्याला गेला होता, पण आमच्या दूध संस्थेत तो रोज सकाळी जन्माला यायचा. ह्या सगळ्यांच्या पायाखाली चेंगरत आमचा दुधाचा प्रोग्रॅम उठायचा. तोच वजन घ्यायचा, तोच फॅट घ्यायचा, तोच पावती काढायचा. तो उठेपर्यंत कुणाचं थेंबभर दूध मापात घेता येत नव्हतं, कारण हातानं लिहिलेली पावती दूध संघ घेत नव्हता. बरेचदा तो उठताना धापा टाकून मरायचा, मग बटण बंद, बटण चालू, आणि परत गणपती.

"शालन, आवर की गं! दूध फाटंल!" पारूबाई ओरडली.

"मी काय करू? देवांचं चाललंय!" मी आतून ओरडले.

रांगेत सगळ्यात पुढे नानी उभी होती. नानांची विधवा. तिच्या एका म्हशीचं दूध ते केवढं, पण ऊन असो पाऊस असो, पहिला नंबर तिचा. कर्ण्याखाली जाऊन उभी राहायची आणि नाना बोलायला लागले की मान वर करून ऐकायची. सगळं भाषण तिला पाठ होतं, ओठ हलताना दिसायचे. रांगेतल्या पोरीसोरी एकमेकींना कोपर मारायच्या, "केवढा जीव गं!"

त्या सकाळी दुधाचा प्रोग्रॅम दोनदा मेला. टँकर आला, अन्वरभाईनं वाट पाहिली, खाली उतरून बिडी ओढली, परत वाट पाहिली. शेवटी म्हणाला, "ताई, पुढच्या गावांचं दूध तापतंय. मला जावंच लागंल." अर्धे कॅन घेऊन तो गेला. उरलेल्या बाया आपापलं दूध उचलून घरी निघाल्या. कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग संघातून लोंढेसाहेबांचा फोन. "बाई, आता बास. उद्या सकाळी एक कॅन जरी मागं राहिला, तर परवापासून टँकर वडजाईला वळणार नाही. तुमच्या लोकांनी दूध धामणवाडीला आणून घालायचं."

"साहेब, मध्ये चढ आहे. डोक्यावर कॅन घेऊन म्हाताऱ्या बाया कशा जातील?"

"ते तुमच्या चेअरमनना विचारा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

धामणवाडी म्हणजे ओढा उतरायचा आणि खिंड चढायची. धडधाकट माणसं गाडीवरून जातील. एक म्हैस, दोन म्हशीवाल्या बायका काय करतील? त्या घरी बसतील. आणि वडजाईत बाईच्या हातात स्वतःचं म्हणून जे काही पडायचं ते ह्या खिडकीतून पडायचं. ते बंद झालं की पोरीच्या वहीसाठीसुद्धा नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं. मी ते दिवस काढलेले होते.

आता ही आरती आणि गजर आणि भाषण कॉम्प्युटरात कुठून शिरले, ते सांगते. आमच्या गावात माणूस उपाशी राहील, पण मान सोडणार नाही. पालखीला पहिला खांदा कुणाचा, बेंदराला पहिला बैल कुणाचा, ह्यावरनं इथे डोकी फुटलेली आहेत. अशा गावात कॉम्प्युटर आला. तो सुरू झाला की आपोआप काय काय उघडायचं, त्याची एक यादी त्याच्या पोटात असते. ज्याच्यापुढे खूण, ते आपोआप उघडणार. माझ्या आधीच्या सेक्रेटरीनं हे कौतुकानं पंच कमिटीला सांगितलं आणि घात झाला. गावाला नवा मान सापडला. रोज सकाळी पहिला कोण वाजणार?

गणपतीबद्दल वाद नव्हता. दुसरा नंबर खालच्या आळीनं भैरोबासाठी घेतला, कारण देवळाची पूजा त्यांच्याकडे. मग वरची आळी गप्प बसेल होय? त्यांनी संस्थेचे संस्थापक, आपले नाना, पुढे केले. नाना नुकतेच वारले होते, त्यांचं रौप्यमहोत्सवातलं भाषण यादीत बसलं. मग तरुण मंडळ रुसलं, त्यांचा फलक बसला. शिवाय कुणाकुणाच्या कृपेनं व्हायरस मारायचे दोन प्रोग्रॅम शिरले होते, ते एकदमच उठायचे आणि जावा-जावांसारखे एकमेकांच्या अंगावर धावायचे. दुधाचा प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी. त्याला आळी नव्हती, त्याचा मान मागायला कोण येणार?

फोन ठेवला तशी मी दार आतून लावलं आणि ती यादी उघडली. तालुक्याला कॉम्प्युटरच्या क्लासात हे शिकले होते. गणपतीपुढची खूण काढली, मनात हात जोडले. भैरोबाची काढली. मंडळाची काढली, तिथे हातसुद्धा जोडले नाहीत. व्हायरसवाल्या दोघांतल्या एकाची काढली. नानांच्या खुणेपाशी माझं बोट थांबलं. नानी डोळ्यांपुढे आली. मग धामणवाडीची खिंड आली. मी तीही खूण काढली आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

चहाला आधण यायच्या आत दुधाचा प्रोग्रॅम समोर उभा. ना ढोल, ना फटाके. मी एकटीच हसले.

संध्याकाळच्या दुधाला बायका आल्या आणि खिडकीपाशी गप्पच झाल्या. पारूबाईनं आत डोकावून विचारलं, "मेला का काय गं?"

"कोण?"

"कॉम्पुटर. आवाज कसा न्हाई?"

"जिवंत आहे. ओत दूध."

भराभर मापं झाली, कधी नव्हे ते अंधाराच्या आत झाली. बायका खूष. पण पावत्या घेऊन त्या घरी पोचल्या असतील नसतील, तोवर खालच्या आळीचे सर्जेराव तरातरा आले. जाडजूड माणूस, मिशीला तूप. आल्या आल्या म्हणाले, "आमच्या भैरोबाला कुणी हाकललं?"

"कुणी हाकललं नाही, सर्जेरावकाका. आहे तिथेच आहे. हे बघा." मी बटण दाबून गजर लावून दाखवला. "फक्त आपला आपण उठत नाही. उठवला की उठतो."

"म्हंजे देवाला आता तू उठवणार? तू?"

"रोज काकडआरतीला गुरव उठवतोच की."

सर्जेरावांनी खिडकीतून वरच्या आळीकडे बघितलं. मग म्हणाले, "आन वरच्या आळीचं नाना वाजत्यात का?"

"नाही वाजत."

"खरं?"

"उद्या सकाळी येऊन ऐका."

ते आणखी काही बोलणार तोवर चेअरमन जयवंत शेवाळ्यांची मोटरसायकल दारात येऊन थांबली. हे नानांचे पुतणे. पांढरा शर्ट, बोलणं गोड. ओरडायचे नाहीत. मला ओरडणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही, गोड बोलणाऱ्याची वाटते.

"शालनताई, कुणाला विचारून केलं हे?"

"लोंढेसाहेबांना विचारून. ते म्हणाले, उद्या कॅन मागं राहिला तर टँकर बंद."

"टँकरचं मी बोलतो साहेबांशी."

"गेल्या महिन्यातपण तुम्हीच बोलला होता."

ते खुर्चीवर बसले. "हे बघा. गणपती-भैरोबाचं एक वेळ मी निस्तरीन. पण नानांचं? नानींचा विचार केलात का? ती माउली रोज सकाळी येते कशासाठी? पावशेर दुधासाठी? नवऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. तो आवाज तुम्ही बंद केलात. बाई असून!"

हे मला लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं. सगळ्या दिवसात मी त्याच एका खुणेपाशी थांबले होते, आणि त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"उद्या संकलनाच्या आधी सगळ्या खुणा जागच्या जागी लावा," चेअरमन म्हणाले. "नाहीतर संस्थेची किल्ली टेबलावर ठेवा. आम्ही दुसरा माणूस बघू."

घरी हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"ह्या पाण्यातला मासा मीच आहे," मी म्हटलं आणि चपला घालून नानीच्या घराकडे निघाले. चेअरमनना मी मुळीच भ्यायले नव्हते. पण नानीला दुखवून मला नोकरी करायची नव्हती आणि नोकरी वाचवायचीही नव्हती. जे काय ते तिच्याच तोंडून ऐकायचं ठरवलं होतं.

नानी गिरणीमागे दोन खणांच्या घरात राहायची. पुतण्याचा स्लॅबचा बंगला रस्त्यावर, हिचे पत्रे मागे. गोठ्यात बादलीत पेंड कालवत होती. संध्याकाळचं दूध ती घरीच ठेवायची, त्यामुळे ती खिडकीवर आलेली नव्हती आणि तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"नानी, एक विचारायला आलेय."

"इचार की. उभ्या उभ्याच इचारायचं व्हय? बस."

मी पाटावर बसले आणि सरळ सांगून टाकलं, "मी नानांचं भाषण बंद केलंय."

बादलीतला हात थांबला.

"पुसलं?"

"नाही हो. पुसेन कशी? आहे तिथेच आहे. फक्त कॉम्प्युटर चालू केला की आपलं आपण लागत नाही. मुद्दाम लावलं तरच लागतं."

"म्हंजे आपलं आपण बोलायचं बंद."

"हो."

"आन सांगितलं तरच बोलायचं."

"हो."

ती परत पेंड कालवायला लागली. किती वेळ कालवली देव जाणे, त्यातला एक खडासुद्धा शिल्लक राहिला नसेल. मला राहवेना. "नानी, तुम्हाला वाईट वाटत असेल तर स्पष्ट सांगा. बाकीचं गाव गेलं उडत. पण तुम्ही लाव म्हणालात तर मी आत्ता जाऊन लावते. मग टँकरचं काय व्हायचं ते होवो."

"मला वाईट वाटंल, आसं कोण म्हणालं?"

"चेअरमन."

"जयवंता?" तिनं म्हशीपुढे बादली सरकवली. "त्यो कवा आला हुता मला इचारायला?"

तिनं पदराला हात पुसले.

"च्या घेतीस?"

"नको. नानी, तुम्ही काहीतरी बोला ना."

"सकाळी येती की मी दूध घिऊन," ती म्हणाली. "तवा बघू." एवढंच. तोंडावरून काही म्हणजे काही कळेना. घरी येताना मी तिच्या त्या 'बघू'चे चारी बाजूंनी अर्थ लावले आणि एकही लागला नाही.

सकाळी मी संस्था उघडली तेव्हा रांग लागलेली होती, आणि रांगेच्या बाजूला पंच कमिटीसुद्धा. एवढ्या सकाळी ही मंडळी मी पहिल्यांदाच पाहिली. चेअरमन होते, सर्जेराव होते, मंडळाचे दोघं डोळे चोळत उभे होते. नानी तिच्या जागेवर, कर्ण्याखाली, हातात किटली.

मी कॉम्प्युटर चालू केला. तो मुकाट्यानं उठला. दुधाचा प्रोग्रॅम उघडला, काट्यावर शून्य आलं.

"ताई, खुणा," चेअरमन म्हणाले.

"लावणार नाही."

"विचार करून बोला."

"रात्रभर केलाय. आज लावल्या तर उद्यापासून ही खिडकी बंद. तुमच्या घरी जीप आहे, तुमचं दूध धामणवाडीला जाईल. ह्यांचं कसं जाईल ते सांगा, मी आत्ता लावते."

"मग किल्ली ठेवा."

मी कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर आपटली. "ठेवली. फॅट कोण काढणार, पुढे या."

कुणी पुढे येईना. पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. रांगेतून पारूबाई कडाडली, "आमचं दूध आता काय भैरोबा मोजणार हाय व्हय?"

"ए, देवाचं नाव घिऊ नगंस!" सर्जेराव म्हणाले.

"मग तुमी मोजा!"

तेवढ्यात नानी रांगेतून बाहेर आली. किटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाली, "जयवंता, हे माझ्यापायी चाललंय म्हणं. मग मला इचारा की."

चेअरमन लगबगीनं पुढे झाले. "नानी, तुम्ही काळजी करू नका. मी असेपर्यंत नानांचा आवाज बंद होणार नाही."

"शालन," नानी माझ्याकडे बघून म्हणाली, "लाव गं एकदा."

संपलं, म्हटलं. पण शब्द दिला होता. मी भाषण उघडलं. कर्ण्यातून खाकरल्याचा आवाज आला. पुरुषांनी हात जोडले. चेअरमननी माझ्याकडे असं पाहिलं की माझी मूठ वळली.

"माझ्या सभासद बंधूंनो आणि भगिनींनो," नाना बोलायला लागले. "ही संस्था माझ्या एकट्यामुळं उभी राहिलेली नाही. कोंडिबा गुरवानं जागा दिली. तुकाराम सुतारानं पहिलं टेबल करून दिलं. हरिभाऊंनी भर पावसात डोक्यावरून कॅन नेले. त्या वेळच्या तलाठीभाऊसाहेबांनी कागद करून दिले. आणि आमची चंद्री म्हैस! ह्या संस्थेत पहिलं दूध पडलं ते चंद्रीचं. त्या मुक्या जनावराचे उपकार मी जन्मात विसरणार नाही." मग टाळ्या.

"थांबीव," नानी म्हणाली.

मी थांबवलं.

"ऐकलंसा? चंद्री." नानी सगळ्यांकडे बघत होती. "चंद्री माझ्या म्हायेरची. माझ्या बानं मला आंदण दिल्याली. लई लाथरी म्हस. माझ्याबिगर कुणाला धारंला बसू दिलं न्हाई तिनं, ह्यास्नीबी न्हाई. ते पैलं दूध मी काढलं, आन डोक्यावर घिऊन मीच हितं आणून वतलं. ह्यास्नी कोंडिबा आठवला. सुतार आठवला. तलाठी आठवला. म्हस आठवली."

नानीनं कर्ण्याकडे बोट केलं.

"तुमास्नी वाटतंय, म्हातारी आवाज ऐकाया येती. व्हय, येती. कान लावून उभी ऱ्हाती. म्हशीच्या म्होरं आज तरी एखांदा सबूद येतोय का बघती. मला काय कळत न्हाई व्हय, रेकाडात नवं काय येत नसतंय? कळतंय की. तरीबी येती. खुळ्यावानी." ती जराशी हसली. "जलमभर माझं नाव घेतलं न्हाई त्यांनी. 'आगं', न्हाईतर 'ऐकलंस का', न्हाईतर 'हाय का कोण घरात'. तवा रीतच तशी हुती, मीबी त्यांचं घेतलं न्हाई. पर माणूस वाट बघतंयच."

तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. पारूबाईसारख्या पारूबाईनं पदर तोंडाला लावला होता.

"नानी..." म्हणत चेअरमन एक पाऊल पुढे झाले.

"बंदच ऱ्हाऊ दे त्यास्नी," नानी म्हणाली. "आजपतुर त्यांनी हाक मारली की मी उठत हुती. आता मी म्हणंन तवा ते बोलतील. मला वाटलं तर मी शालनला सांगीन."

सर्जेराव घुटमळत म्हणाले, "मग... भैरोबाचं कसं करायचं?"

"भैरोबा डोंगरावनं आपल्या पायानं गावात आला म्हणत्यात नव्हं? त्याला तुझं बटान लागतंय व्हय?"

बायकांची रांगच्या रांग फिसकन हसली. सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला, थोडा हिशेब केला, आणि म्हणाले, "नानाच बंद, तर मग आमचंबी ऱ्हाऊ द्या." वरच्या आळीला मान नाही म्हटल्यावर खालच्या आळीचं काहीच गेलेलं नव्हतं. मंडळाच्या पोरांना कुणी विचारलंच नाही.

चेअरमननी टेबलावरची किल्ली माझ्याकडे सरकवली. "घ्या ताई. टँकर येईल." नानीकडे मात्र त्यांना बघवेना.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. त्या दिवशी एकही कॅन मागं राहिला नाही. टँकर आजही वडजाईला वळतो आणि त्या यादीत आजही एका व्हायरसवाल्याखेरीज दुधाचा प्रोग्रॅमच काय तो आपोआप उठतो. पुढे कॉम्प्युटर बदलले, चेअरमन बदलले, पण कुणी खूण लावायला आलं नाही. पण त्या सकाळचं खरं काम अजून व्हायचं होतं.

मी नानीची किटली काट्यावर ठेवली आणि तिचं खातं उघडलं. समोर नाव आलं, दिनकर रामजी शेवाळे. नाना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दूध अजून तेच घालत होते. रोज हेच नाव छापून मी तिच्या हातात देत आले होते आणि ती ते घडी करून कमरेला लावत होती. सभासदाचं नाव बदलायला ठराव लागतो, कागद लागतात. पण दूध घालणाऱ्याचं नाव लावायला माझी दोन बोटं पुरत होती.

"नानी, तुमच्या नावानं लावू का दूध?"

"लागतंय?"

"लागतंय की. सांगा, काय लावू?"

विचारलं आणि मग माझ्या ध्यानात आलं, मला माहीतच नाही. मी चेअरमनकडे बघितलं. तिच्या हातचं दूध पिऊन वाढलेला पुतण्या. त्यांनी खाली बघितलं. सर्जेरावांनी पारूबाईकडे बघितलं, पारूबाईनं मागच्या बाईकडे. अख्ख्या रांगेत एकीला ठाऊक नव्हतं. नाना म्हणून नानी. त्याच्या आधी ती कोण होती ते कुणी विचारलं नव्हतं.

ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. "अंजिरा," ती म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की पहिल्यांदा ती कुणा दुसरीबद्दलच बोलतेय असं वाटलं.

"मोठ्यांदा सांगा नानी."

"अंजिरा!" आता ते रांगेच्या शेवटापर्यंत गेलं.

मी टाइप केलं. वजन आलं, फॅट आला, पावती कुरकुरत बाहेर आली. मी ती फाडून तिच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांपासून लांब नेऊन तिनं ती बघितली आणि परत माझ्यापुढे केली.

"काय लिवलंय?"

"अंजिरा दिनकर शेवाळे. म्हैस. वजन..."

"वजनाचं ऱ्हाऊ दे. नाव वाच."

"अंजिरा दिनकर शेवाळे."

बाहेर टँकर येऊन उभा राहिला. अन्वरभाई खाली उतरून कॅनपाशी आला, आणि सगळी माणसं अशी गप्प का म्हणून तोही गप्प उभा राहिला.

"परत वाच," ती म्हणाली.

मी परत वाचलं.